हरल्यावर विचारली जाणारी जात

१९११ च्या इंग्लंड दौऱ्यात पालवणकर बाळूंनी शंभरावर बळी घेतले; पुण्यात मात्र त्यांना चहा पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात मिळे. हिंदू संघाचे कर्णधारपद तर कधीच मिळाले नाही.

११० वर्षांनी, ४ ऑगस्ट २०२१ रोजी, टोकियोत भारतीय महिला हॉकी संघ उपांत्य सामना हरला. वंदना कटारियाच्या घरासमोर जातिवाचक शिवीगाळ झाल्याची फिर्याद घरच्यांनी दिली. चारच दिवसांपूर्वी तिने एका सामन्यात तीन गोल केले होते!

जालन्याच्या महाविद्यालयात धावणाऱ्या आपल्या मुलाच्या हाती आज मोबाईल आहे. शिवी आता दारात थांबत नाही. रात्रभर उशाशी राहते. जिंकल्यावर सत्कार सगळेच करतात. मित्रांनो, हरल्या दिवशी आपण कुठे असतो?