समृद्धीवरून नागपूर: आठ तासांत गाठायचं की थांबत जायचं? टोल, थांबे आणि टायरचं गणित

इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग पूर्ण झाला. तेव्हापासून सुट्ट्या जवळ आल्या की नवी मुंबईत एक प्रश्न हमखास विचारला जातो, 'नागपूर किती तासांत?' आठ तास हे उत्तर आता सगळ्यांना पाठ आहे. पण हा रस्ता दहा जिल्ह्यांतून जातो आणि वाटेत वेरूळ आहे, लोणार आहे, सेवाग्राम आहे. त्यामुळे कुठे उतरायचं आणि त्याला किती खर्च येतो, हे आधी पाहू.

थांबलं तर टोल जास्त लागतो का?

नाही. समृद्धीवर टोल अंतरावर आहे. आत शिरताना फास्टॅगची नोंद होते आणि बाहेर पडताना तेवढ्याच किलोमीटरचे पैसे कापले जातात. एप्रिल २०२५ पासून कारसाठी दर किलोमीटरला २.०६ रुपये आहे. म्हणजे पूर्ण मार्गाचे साधारण १,४४५ रुपये. मध्ये तीनदा उतरून त्याच इंटरचेंजवरून परत चढलात, तरी बेरीज जवळपास तीच राहते. एकदा चढलं की थेट नागपूरलाच उतरायचं, हा समज त्यामुळे सोडून द्या.

आमणेपर्यंत कसं जायचं?

प्रवासातला सगळ्यात कंटाळवाणा भाग हाच. महापे, शिळफाटा, मुंब्रा बायपास आणि पुढे भिवंडी बायपास हा नेहमीचा रस्ता. कल्याणवरून पडघ्याकडे जाणारा दुसरा पर्यायही आहे. दोन्हीकडे ट्रक भरपूर. पहाटे पाचच्या आत घर सोडलंत तर ठीक, नाहीतर पहिल्या पन्नास किलोमीटरमध्येच दमछाक होते. आमणेच्या पुढे मात्र चित्र पालटतं. कसाऱ्याजवळचा जवळपास आठ किलोमीटरचा जुळा बोगदा संपला की कसारा घाट मागे पडलेला असतो.

कुठे उतरायचं?

पहिला थांबा सिन्नर. गोंदे इंटरचेंजवरून गावात गेलं की यादवकालीन गोंदेश्वर मंदिर आहे. मधलं मुख्य देऊळ आणि भोवती चार लहान देवळं. पाऊण तास पुरतो. शिर्डीला जायचं असेल तर आमणेपासून साधारण १८० किलोमीटरवर बाहेर पडा.

वेरूळसाठी माळीवाडा इंटरचेंज. देवगिरीचा किल्ला इथून अगदी जवळ आहे आणि त्याच रस्त्याने पुढे वेरूळ. मंगळवारी लेणी बंद असतात, हे तारीख ठरवतानाच पाहा. ३४ लेण्या एका दुपारी बघून होत नाहीत. वेळ कमी असेल तर १६ क्रमांकाचं कैलास लेणं निवांत बघा आणि मुक्कामाला छत्रपती संभाजीनगरला या.

दुसऱ्या दिवशी जालना ओलांडलं की सिंदखेडराजा. १२ जानेवारी १५९८ रोजी जिजाऊंचा जन्म झाला तो लखुजीराव जाधवांचा राजवाडा इथे आहे. त्यापुढे मेहकर इंटरचेंजवरून लोणार. आमच्या मते या सगळ्या प्रवासातला सगळ्यात चुकवू नये असा थांबा हाच. अशनी आदळून बसाल्ट खडकात तयार झालेलं हे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर. जून २०२० मध्ये त्याचं पाणी गुलाबी झालं, तेव्हा सूक्ष्मजीवांमुळे हा रंग आल्याचं तपासणीत आढळलं. त्याच वर्षी लोणारला रामसर दर्जा मिळाला. विवरात खाली पायीच उतरावं लागतं आणि परत चढावंही लागतं. उन्हाळ्यात दुपारी हे धाडस नको.

नागपूरच्या अलीकडे येळाकेळी इंटरचेंजवरून वर्धा, सेवाग्राम. गांधीजी १९३६ मध्ये इथे राहायला आले. बापू कुटीत चप्पल काढून शिरलं की दिवसभर कानात घुमणारा टायरचा आवाज बंद होतो. जवळच पवनारला धाम नदीकाठी विनोबांचा आश्रम आहे.

थांबणं गरजेचं का?

१ जुलै २०२३ रोजी सिंदखेडराजाजवळ खासगी बस उलटून पेटली आणि २५ जणांचा मृत्यू झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वैजापूरजवळ मिनीबस ट्रकवर आदळून १२ जण दगावले. दोन्ही अपघात मध्यरात्रीनंतरचे.

सरळ, एकसुरी रस्त्यावर तासन्‌तास गाडी चालवली की डोळे उघडे असतात, पण मेंदू सुस्तावतो. याला हायवे हिप्नॉसिस म्हणतात. आता थोडं गणित, इंजिनिअरिंग केल्याचा एवढा तरी उपयोग. सपाट रस्त्यावर कारची वेगमर्यादा ताशी १२० आहे, म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. समोरचा ट्रक दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद गेला, तर गाडी ५० मीटर पुढे गेलेली असते. प्रत्यक्ष ब्रेक लागणं त्यानंतर. शिवाय १२० ला गाडीची गतिज ऊर्जा ८० च्या सव्वादोन पट असते. दर दोन तासांनी उतरा, चहा घ्या, शक्य असेल तर ड्रायव्हर बदला. रात्री गाडी चालवूच नका.

टायरचं वयही पाहा. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३१९ असेल तर तो २०१९ च्या २३व्या आठवड्यात तयार झालेला आहे. नक्षी शाबूत दिसली तरी जुनं रबर कडक होतं आणि काँक्रीटवर, विदर्भाच्या उन्हात, वेगाने तापतं. हवा निघण्यापूर्वी, टायर थंड असताना तपासा. कंपनीने दारावरच्या स्टिकरवर दिलेला आकडाच पाळा.

खाण्यापिण्याच्या सोयी अजून विरळ आहेत. पाणी आणि डबा सोबत ठेवा, टाकी अर्ध्यावर आली की भरून घ्या. दुचाकी आणि रिक्षांना या मार्गावर बंदी आहे, त्यामुळे बाइकवाल्यांना जुन्या रस्त्यानेच जावं लागेल. परतीच्या प्रवासासाठी वेगळा दिवस धरा. शक्यतो रविवारची संध्याकाळ टाळून, कारण भिवंडी बायपास तेव्हा तुमचीच वाट बघत असतो.