आवाज थरथरला म्हणून काय झाले?

रबीउल अव्वल जवळ आला की शाळांतून आणि मोहल्ल्यांतून नात-शरीफच्या मुकाबल्यांची तयारी सुरू होते. नावे लिहिली जातात, अम्मी कुर्त्याला इस्त्री करून ठेवते आणि ऐन वेळी एखादे लेकरू हळूच येऊन म्हणते, "टीचर, माझे पोट दुखते." आम्हा शिक्षकांना ही पोटदुखी चांगलीच ओळखीची आहे. बहुतेक वेळा ते नाटक नसते. पोट खरेच दुखत असते.

गंमत अशी की, हीच मुले रोज सकाळी परिपाठात अल्लामा इक्बाल यांची 'बच्चे की दुआ' मोकळ्या गळ्याने म्हणतात. एकट्याला माइकसमोर उभे केले की तोच गळा बसतो. दोष गळ्यात नसतो. सगळे आपल्याकडेच पाहत आहेत, ही धास्ती त्याला गप्प करते.

भीती शरीरात काय करते?

समोर साप असो की परीक्षकांचे टेबल, धास्ती वाटली की शरीर एकच तयारी करते. अ‍ॅड्रेनलिन नावाचे संप्रेरक रक्तात उतरते. काळीज धडधडते, हात गार पडतात, तोंड कोरडे होते, श्वास छातीच्या वरच्या भागातच घुटमळतो. गळ्याचे स्नायू ताठरतात, म्हणून आवाज कापतो आणि नेहमीपेक्षा वर चढतो. हे भित्रेपणाचे लक्षण नाही. फिरऔनकडे जाण्याचा हुकूम झाला तेव्हा हजरत मूसा (अलै.) यांनीही अल्लाहकडे छाती मोकळी होण्याची, जिभेची गाठ सुटण्याची दुआ केली आणि भाऊ हारून (अलै.) यांची सोबत मागितली. सूरह ताहामध्ये हा प्रसंग आहे. मुलांना तो जरूर सांगावा. मदत आणि सोबत मागण्यात कमीपणा नाही, हे त्यांना त्यातून कळते.

तयारी कशी करून घ्यावी?

पहिली गोष्ट अर्थाची. मराठी माध्यमातली आपली बरीच मुले उर्दू नात देवनागरीत लिहून पाठ करतात. शब्दाचा अर्थ ठाऊक नसला की तो पटकन निसटतो. त्यातच 'ज' आणि 'ज़', 'ख' आणि 'ख़' यांत चूक झाली तर लोक हसतील, ही भीती असते. म्हणून चार-पाच शेरांचीच नात निवडावी, प्रत्येक शब्दाचा अर्थ सांगावा, तलफ्फुज आधी घडवावा आणि मग तरन्नुमकडे वळावे.

दुसरी गोष्ट सुराची. घाबरलेले मूल सुरुवातच उंच करते आणि पुढे चढाच्या ओळीत अडकते. यावर सोपा उपाय आहे. नातमधली सर्वांत उंच ओळ आधी म्हणून पाहावी. ती आरामात निघाली की त्याच सुराच्या हिशेबाने पहिला मिसरा धरावा. नाव पुकारण्याआधी तो मनात गुणगुणून घ्यावा.

तिसरी गोष्ट श्वासाची. नाकाने श्वास घ्यावा आणि तोंडाने त्याहून सावकाश सोडावा, असे चार-पाच वेळा करावे. लांब सोडलेल्या श्वासाने धडधड उतरते. दोन घोट साधे पाणी प्यावे. माइकपासून चार बोटे दूर राहावे. सलाम करून एक क्षण थांबावे आणि मगच सुरू करावे.

चौथी गोष्ट, विसरण्याचाही सराव करावा. मधूनच टोकावे आणि मुलाला पुढच्या शेरावर जायला सांगावे. अडले की पहिल्यापासून सुरू करायची सवय लागली, तर स्टेजवर मूल तिथेच गोल फिरत राहते.

एका मुलाची गोष्ट

आमच्या वर्गातला सातवीचा एक मुलगा जलशात दुसऱ्या शेरावर अडकला आणि खाली उतरला. घरी कुणी रागावले नाही, पण पाहुणे आले की "आमची गाडी मध्येच बंद पडली" म्हणून त्याची थट्टा होऊ लागली. कुणाच्या मनात वाईट नव्हते. तरी त्यानंतर त्याने वर्गात धडा वाचायलाही हात वर करणे सोडले. एका शेराची चूक गणिताच्या तासापर्यंत पोहोचली.

आम्ही त्याला समजावत बसलो नाही. तिघांच्या गटात मधला आवाज म्हणून उभे केले. काही महिन्यांनी दोघांत. मग वर्गातल्या मित्रांसमोर एकटे, आणि त्यानंतर परिपाठात. दोन वर्षे गेली. नववीत त्याने भर जलशात हम्द पढली. पाय तेव्हाही थरथरत होते. फक्त त्या पायांवर उभे राहणे त्याला जमले होते.

घरच्यांसाठी दोन शब्द

मूल पढत असताना नोटा देण्यासाठी मध्येच स्टेजवर जाऊ नका. नवख्याचा धागा तुटतो. व्हिडिओ काढायचा तर आधी मुलाला विचारा आणि त्याच्या परवानगीशिवाय खानदानाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका. दुसऱ्याच्या मुलाशी तुलना तर नकोच. कुरआन पठणात अडखळत, कष्ट घेत वाचणाऱ्याला दुहेरी सवाब आहे, ही हजरत आयेशा (रजि.) यांच्याकडून आलेली हदीस आपल्याला ठाऊक आहे. ज्या दीनमध्ये अडखळणाऱ्याची अशी कदर आहे, त्या दीनच्या घरात अडखळल्याबद्दल हसू कसे होईल? हजरत हस्सान बिन साबित (रजि.) यांच्यासाठी मस्जिद-ए-नबवीत मिंबर ठेवला जाई आणि खुद्द रसूलुल्लाह (सल्ल.) त्यांना दुआ देत. पढणाऱ्याला जागा आणि दुआ देणे ही आपली जुनी रीत आहे.

तेव्हा आज इशाच्या नमाजेनंतर दहा मिनिटे काढा. टीव्ही बंद करा, मोबाइल उलटे ठेवा. दादी-दादांना पुढे बसवा. मुलाला दाराशी उभे राहून सलाम करू द्या आणि एकच शेर ऐका. संपला की "माशाअल्लाह" म्हणा आणि थांबा. चुका उद्या सांगता येतील.