चौरस मोजा, चिप वाचवा!

बालमित्रांनो, गणिताची चौकटीची वही काढा. तिच्यात एक घर रुंद आणि दहा घरं लांब अशी पट्टी रंगवा. समजा, ही चिपमधली धातूची तार आहे. चिपमधल्या तारा अशा सपाट पट्ट्याच असतात! एका घराचा रोध ०.१ ओहम, तर पट्टीचा किती? १ ओहम. सोपं आहे की नाही?

गंमत अशी, की धातूच्या थराची जाडी तीच असेल, तर चौरस लहान असो वा मोठा, रोध तेवढाच! कारण लांबी दुप्पट झाली की रोध दुप्पट होतो आणि रुंदी दुप्पट झाली की निम्मा. वळणावरचा चौरस मात्र सुमारे अर्धाच धरतात.

रोध फार वाढला तर संकेत उशिरा पोचतो आणि चिप चुकते. एकदा चिप तयार झाली, की आतली तार रुंद करता येत नाही बरं का! म्हणून मोजणी आधी, आराखड्यावरच करायची.

१९७१ सालच्या इंटेल ४००४ या चिपवर सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते. आज अब्जावधी असतात. त्यांच्या तारा हातानं कोण मोजणार? म्हणून इंजिनिअर छोटा प्रोग्रॅम लिहितात. त्याला म्हणतात ‘स्क्रिप्ट’. तारेची लांबी भागिले रुंदी कर, कोपरे वेगळे धर, एका चौरसाच्या रोधानं गुण, रोध जास्त भरला तर ती तार दाखव!

पण कोपऱ्याचं सांगायचंच राहिलं, तर संगणक तीच चूक लाखो तारांवर करील. म्हणून आधी छोटी आकृती हातानं सोडवून ताळा पाहतात.

तुम्हीही पाहा : तार काटकोनात वळली आहे. सरळ घरं ८, कोपरा १. रोध किती?

(उत्तर : सुमारे ०.८५ ओहम)