गडावर डाळ का शिजत नाही?

आजचा एपिसोड पोटाचा. दोन दिवसांच्या ट्रेकला काय न्यायचं आणि कसं शिजवायचं?

आधी माझी फजिती ऐका. हरिश्चंद्रगडावर आम्ही चौघं मुक्कामाला होतो. मेनू माझा: वरण-भात. आधी तूरडाळ चढवली. पाऊण तास झाला तरी टणक! तेवढ्यात गॅस संपला. भात राहिलाच. दिवसभर चढून आलेले तिघं नुसते माझ्याकडे बघत होते. शेवटी बिस्किटं खाऊन झोपलो.

चुकलं कुठे? घरच्या कुकरमध्ये दाबामुळे पाणी साधारण १२० अंशांपर्यंत तापतं. गड १४२४ मीटर उंच. तिथे हवेचा दाब कमी, म्हणून उघड्या टोपात पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळतं. आच कितीही वाढवा, पाणी त्यापुढे तापत नाही. वाफ जास्त निघते आणि गॅस फुकट जातो.

म्हणून आता मी मेनू चवीवरून नाही, गॅस आणि पाण्यावरून ठरवतो.

रात्री मूगडाळीची खिचडी. चौघांना ३०० ग्रॅम तांदूळ, २०० ग्रॅम डाळ. हळद, तिखट, हिंग, मीठ घरूनच एका पुडीत. पोचल्या पोचल्या डाळ-तांदूळ धुऊन भिजत घाला. अर्ध्या तासात तंबूही लागतो. मग साधारण सव्वादोन लिटर पाण्यात उकळी आणा, झाकण ठेवून बारीक आचेवर १०-१२ मिनिटं शिजवा. गॅस बंद करा आणि टोप जाड टॉवेलात गुंडाळून २० मिनिटं विसरून जा. उरलेलं काम आतली वाफ करते.

सकाळी दडपे पोहे, म्हणजे गॅसच नको! पातळ पोहे, कांदा, मिरची, शेंगदाणे, सुकं खोबरं, मीठ, लिंबू. वरून पाण्याचा हबका मारा आणि १५ मिनिटं दडपून ठेवा. गॅस संपला तरी हे जेवण हातात असतं. त्या रात्री सॅकमध्ये पोहे असते तर...

दोन गोष्टी मात्र पक्क्या. तंबूच्या आत स्टोव्ह पेटवायचा नाही, विषारी वायू साठतो. आणि वाऱ्याला आडोसा एकाच बाजूने करा. चारही बाजूंनी झाकलं तर गॅसचा डबा तापतो. आसपास वाळकं गवतही नको.

निघण्याआधी एकदा घरी, कुकरशिवाय, त्याच स्टोव्हवर खिचडी करून बघा. गडावर तिला थोडा जास्तच वेळ लागेल, हे धरून गॅस घ्या.

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. आणि हो, कचरा परत आणायचा!