बॅगेत लोणच्याचं तेल का सांडतं?

लोणच्याची बरणी तीन पिशव्यांत गुंडाळली, वरून टॉवेल लपेटला, तरी परदेशी पोचल्यावर बॅग उघडावी तर कपड्यांवर तेलाचे डाग असतातच. दोष सामान आदळणाऱ्या हमालांवर जातो. आदळआपट होते, हे खरं. पण बरणी शाबूत राहून तेल बाहेर येतं, तेव्हा त्याचं कारण बहुधा बरणीतच असतं: तेलावर उरलेली बोटभर हवा.

विमान 35 ते 40 हजार फुटांवरून उडत असलं, तरी आतला दाब 6 ते 8 हजार फुटांवर असतो तेवढा राखतात. पोटातला सामानाचा कप्पा निर्वात असतो, असं अनेकांना वाटतं. तसं नसतं. तिथेही साधारण केबिनइतकाच दाब असतो. नाहीतर दोन्हींमधल्या फरकाचा सगळा भार प्रवाशांच्या पायाखालच्या जमिनीवर आला असता. 8 हजार फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम तीन चतुर्थांश भरतो. दाब घटला की हवा पसरते, हा रॉबर्ट बॉइलने 1662 मध्ये मांडलेला नियम. मुंबईत बाटलीत कोंडलेली 100 मिलिलिटर हवा तिथे सुमारे 134 मिलिलिटर जागा मागते. पुणं उंचावर असल्यामुळे तिथे बंद केलेल्या बाटलीतली हवा थोडी कमी पसरते, एवढाच पुणेकरांना फायदा.

काचेची बरणी काही ताणली जात नाही. त्यामुळे सगळा जोर झाकणावर येतो. सहा सेंटिमीटर व्यासाच्या झाकणाला आतून सुमारे सात किलो वजनाचा रेटा बसतो. बरणी उभी असती तर आट्यांमधून थोडी हवा निसटली असती, बिघडलं काहीच नसतं. पण बॅगेत ती आडवी पडते, हवा वरच्या अंगाला जाते आणि झाकणाशी तेल येतं. मग हवा तेलालाच बाहेर ढकलते. हवा निसटलेली बरणी खाली उतरल्यावर उलटा खेळ होतो. आता आत दाब कमी, बाहेर जास्त. म्हणून झाकण असं घट्ट बसतं की निघता निघत नाही.

मग बरणी काठोकाठ भरावी का? काचेची असेल तर नको. तेल तापलं की फुगतं. 20 अंश तापमान वाढलं तर लिटरमागे साधारण 14 मिलिलिटर. विमानतळावर तापलेल्या उन्हात बॅग उभी राहते, तेव्हा हे आठवावं.

माझ्या मते सगळ्यात भरवशाची बाटली म्हणजे थंड पेयाची रिकामी, धुऊन पूर्ण कोरडी केलेली प्लॅस्टिकची बाटली. ती आणि तिचं झाकण वातावरणाच्या तिप्पट-चौपट दाब सोसायला बनवलेली असतात. तेल भरल्यावर बाटली हलकेच दाबून तेल तोंडाशी आणायचं आणि तशीच धरून झाकण आवळायचं. आत हवा जवळजवळ उरत नाही, आणि तेल फुगलंच तर दबलेल्या बाटलीला पुन्हा गोल व्हायला जागा असते. कढत तूप मात्र त्यात ओतू नये, बाटली आकसते. तूप थिजवूनच बॅगेत ठेवलेलं बरं.

लोणच्यासाठी हवा काढून सील केलेली पिशवी चांगली. पण ताज्या लोणच्यात आंबण्याची क्रिया चालू असली, तर त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड तीही फुगवतो. नव्या कैऱ्यांचं लोणचं आधी नीट मुरू द्यावं, मगच पिशवीत भरावं.