मोठ्या वॅटचा चार्जर, पण घाई कोणाला?

रोजच्या वापरातलं विज्ञान : लेखांक ९

५००० एमएएचच्या बॅटरीत साधारण १९ वॅट-तास ऊर्जा मावते, हा हिशेब आपण गेल्या आठवड्यात मांडला. तोच पुढे नेला तर २० वॅटच्या चार्जरला ती भरायला तासभर लागेल आणि १२० वॅटचा चार्जर दहा मिनिटांत काम उरकेल. दुकानात ‘जरा मोठ्या वॅटचा द्या’ म्हणणाऱ्याच्या मनात हेच गणित असतं. गणित बिनचूक आहे, पण बॅटरी त्या गणिताने भरत नाही.

१२० वॅटचंच उदाहरण घेऊ. शाओमीचा ११टी प्रो २०२१मध्ये आला, तेव्हा त्याची ५००० एमएएचची बॅटरी १७ मिनिटांत पूर्ण भरते असा कंपनीचा दावा होता. तो जसाच्या तसा मानला, तरी १७ मिनिटांत १९ वॅट-तास म्हणजे सरासरी ६७ वॅट झाले. काही ऊर्जा उष्णतेत जाते हे धरूनही १२० बरेच लांब राहतात. आकडा खोटा नाही, तो कमाल आकडा आहे. आणि त्या कमाल वेगावर फोन थोडाच वेळ असतो.

याचं कारण बॅटरीच्या पोटात आहे. लिथियम-आयन बॅटरी भरताना आधी विद्युतधारा जोरात चालते आणि व्होल्टेज चढत जातं. ते ४.४ व्होल्टच्या आसपास, म्हणजे बॅटरीच्या मर्यादेला टेकलं, की फोन व्होल्टेज तिथेच धरून धारा कमी कमी करत नेतो. लिथियमचे आयन या वेळी ग्रॅफाइटच्या थरांमध्ये शिरून बसत असतात. जागा भरत आल्यावरही, किंवा बॅटरी गारठलेली असताना, त्यांना रेटलं तर ते आत न शिरता पृष्ठभागावरच धातू होऊन साचतात. मग बॅटरीची क्षमता कायमची घटते. साचलेला धातू वाढत गेला तर आतल्या आत शॉर्ट होण्याचाही धोका असतो. म्हणून शेवटच्या दहा-पंधरा टक्क्यांत २० वॅटचा चार्जर काय आणि ६५ वॅटचा काय, दोघेही सारखेच रेंगाळतात.

किती घ्यायचं हे ठरवतो फोन. चार्जर म्हणजे पंगतीतला आग्रह करणारा वाढपी नव्हे. मागाल तेवढंच तो वाढतो. त्यामुळे लॅपटॉपचा ६५ वॅटचा चांगला टाइप-सी चार्जर लावला तर मोबाइल जळेल ही भीती बाळगायचं कारण नाही. पण २५ वॅटच घेऊ शकणाऱ्या फोनला त्याचा फायदाही शून्य.

खरी गोम वॅटपेक्षा बोलीत आहे. केबल जोडताच फोन आणि चार्जर आपसात वाटाघाटी करतात, आणि दोघांना एकच भाषा यावी लागते. सॅमसंगच्या २५ वॅटच्या चार्जरवरची बारीक अक्षरं वाचून पाहा. एका ओळीत ९ व्होल्ट, २.७७ अँपिअर असं असतं. गुणाकार केला की २५ वॅट. त्याखाली ‘पीपीएस’ आणि पुढे ३.३ ते ११ व्होल्ट. सॅमसंगच्या फोनला हवी असते ती ही ओळ. बॅटरी भरेल तसं तो चार्जरकडून व्होल्टेज बारीक बारीक पायऱ्यांनी बदलून घेतो. ही ओळ नसलेला चार्जर ६५ वॅटचा असला, तरी फोन त्याच्याकडून २५ वॅटसुद्धा घेत नाही.

ओप्पो आणि वनप्लसने वेगळीच वाट धरली. वनप्लसच्या ८० वॅटच्या चार्जरवर ११ व्होल्ट, ७.३ अँपिअर लिहिलेलं असतं. टाइप-सीच्या सर्वमान्य प्रमाणात केबलची मर्यादा ५ अँपिअर आहे, म्हणून यांची केबलही यांचीच लागते. घरात एकाचा चार्जर दुसऱ्याला लावून ‘एवढा ऐंशी वॅटचा, तरी हळूच’ अशी कुरकुर होते, तिचं मूळ इथे.

केबलकडे मात्र कोणी बघत नाही. साधी टाइप-सी केबल ३ अँपिअरची असते. त्यापुढे ५ अँपिअरपर्यंत जायचं तर तिच्या पिनेत ओळख सांगणारी चिप लागते. सॅमसंगचा ४५ वॅटचा चार्जर ३ अँपिअरच्या वर जातो. त्याला पाचची केबल नसेल तर वरचे पैसे फुकट. आणि केबल जोडूनही फार काही पदरात पडतंच असं नाही. गॅलेक्सी एस२२ अल्ट्रावर २५ आणि ४५ वॅटचे चार्जर लावून पाहणाऱ्यांना पूर्ण चार्जमध्ये फरक दिसला तो थोड्याच मिनिटांचा. माझ्या मते असा फरक विकत घेण्यासारखा नाही.

उन्हाळा आणखी वेगळा हिशेब करतो. आयफोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरावा, असं अॅपल सांगते. मे महिन्यात नागपूरला पारा ४४च्या पुढे जातो, तेव्हा गाडीच्या डॅशबोर्डवर चार्जिंगला लावलेला फोन आपणहून धारा आवरतो, कधी थांबवतोही. तिथे चार्जर बदलून उपयोग नाही, फोन सावलीत ठेवावा आणि कव्हर काढावं.

नवा चार्जर घ्यायचाच असेल तर आधी फोन कमाल किती वॅट घेतो आणि कोणत्या पद्धतीने, ते कंपनीच्या माहितीपत्रकात बघा. मग चार्जरवरचा बीआयएसचा आर-क्रमांक ‘बीआयएस केअर’ अॅपवर तपासा. पिनेऐवजी पाठीवरून, म्हणजे बिनतारी चार्जिंगमध्ये, हे वॅट आणखी कुठे गळतात ते पुढच्या आठवड्यात.