स्तोत्रं वाचताना थांबायचं कुठे?



मागच्या व्याख्यानानंतर एका भगिनीने विचारलं होतं, "सर, मी रोज सकाळी एक स्तोत्र वाचते. पण पुष्कळदा एकच गोष्ट दोनदा सांगितल्यासारखी वाटते. आणि काही स्तोत्रं इतकी कडू आहेत, की प्रार्थना म्हणून ती म्हणवत नाहीत. त्यांचं काय करायचं?" प्रश्न दोन आहेत, पण त्यांची उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत. आज तेवढंच पाहू.

आपला मराठी कान ओवी-अभंगावर वाढलेला. कविता म्हटली की आपण यमक शोधतो. स्तोत्रसंहितेतल्या 150 स्तोत्रांची मूळ भाषा हिब्रू, आणि तिथे नियमित यमक नाही. मग तिला कविता का म्हणायचं? ऑक्सफर्डचे प्राध्यापक रॉबर्ट लोथ यांची लॅटिन व्याख्यानं 1753 साली प्रसिद्ध झाली. त्यांत त्यांनी दाखवलं, की इथे एका ओळीला दुसरी ओळ अर्थाने साद देते. याला समांतरता म्हणतात. अनुवादात यमक हरवतं, पण अर्थाची ही जोडी बरीचशी टिकते. म्हणून मराठीत वाचतानाही ती आपल्या हाती लागते.

पण साद म्हणजे नुसती पुनरुक्ती का? जेम्स कूगेल या अभ्यासकाने 1981 मध्ये या समजुतीला हरकत घेतली. त्यांचं म्हणणं असं, की दुसरी ओळ पहिलीला पुढे नेते. आता हे पहा, आम्ही स्वतःच एक जोडी रचतो:

रात्र फार लांबली आहे;
उशाशी ठेवलेला दिवाही विझत आलाय.

पहिल्या ओळीत सगळ्यांची रात्र आहे, दुसरीत माझं अंथरूण आणि माझा दिवा. गोष्ट तीच, पण ती आता घरात आली. त्या दोन ओळींच्या मधे जी जागा आहे ना, तिथे थांबायचं. पहिली ओळ वाचा, एक श्वास घ्या, मग दुसरी वाचा. आणि विचारा, हिने काय वाढवलं?

असं थांबलं की फार परिचयाचं स्तोत्रही नवं दिसतं. 23वं घ्या, मेंढपाळाचं. सुरुवातीला कवी देवाबद्दल बोलतो, 'तो' म्हणून. अंधाऱ्या दरीचा उल्लेख येतो आणि तिथे त्या 'तो'चा 'तू' होतो. हिरव्या कुरणात देवाविषयी बोलणं चालतं; दरीत मात्र देवाशीच बोलावं लागतं. भरभर पाठ म्हणताना हे आपल्या लक्षातही येत नाही.

आता कडू स्तोत्रांकडे येऊ. स्तोत्रसंहितेचा सुमारे एक तृतीयांश भाग विलापाचा आहे. बहुतेक विलाप शेवटी विश्वासाकडे किंवा स्तुतीकडे वळतात. 88वं वळत नाही. हिब्रूत त्याचा शेवटचा शब्दच अंधाराचा आहे.

थोडं व्यक्तिगत सांगतो. आमची पत्नी गेली, तेव्हा भेटायला येणारे आम्हाला आनंदाची स्तोत्रं वाचायला सांगत. हेतू चांगलाच होता. पण ती वाचताना आपण खोटं बोलतोय असं वाटे. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलं, दुःखाच्या समस्येवर वर्गात तास घेतले; त्यातलं काही उपयोगी पडलं नाही. एका रात्री 88वं उघडलं. त्यात सांत्वन नव्हतंच. पण एक गोष्ट दिसली: हा माणूस शेवटच्या ओळीपर्यंत देवाशीच बोलतोय. तक्रार आहे, पण ती देवाच्याच दारात केलेली आहे. ज्याने देव सोडला, तो इतकं कशाला बोलेल? त्या रात्री बऱ्याच दिवसांनी आम्ही प्रार्थना केली.

आपण ख्रिस्ती वाचक स्तोत्रांतून चटकन प्रभू येशूकडे जातो. जावं, पण मधली पायरी गाळू नये. मत्तय आणि मार्क सांगतात, की वधस्तंभावर येशूने 22व्या स्तोत्राच्या आरंभीचा आक्रोश उच्चारला. ते स्तोत्र पुढे स्तुतीकडे जातं हे खरं. पण त्याच्या ओठी आलेले शब्द टाकून दिल्याच्या वेदनेचे होते. ती त्याच्या लोकांची, इस्राएलाची, जुनी प्रार्थना होती. तो विलाप आधी विलाप म्हणून ऐकला, तर येशूने कुठला शब्द निवडला हे कळतं.

आणखी एक शब्द सांगून थांबतो. 'नेफेश'. पुष्कळ अनुवादांत याचा 'आत्मा' होतो. मुळात त्यात घसा, श्वास, प्राण, सगळं येतं. आपला 'जीव' त्याच्या फार जवळचा. जीव तहानतो, जीव घाबरा होतो, जीव लागतो. स्तोत्रांतला माणूस असा सगळ्या जिवानिशी देवापुढे उभा आहे.

तेव्हा ताई, जे स्तोत्र आज तुम्हाला म्हणवत नाही, ते सोडून देऊ नका. आज कुणाच्या तरी घरात तेच खरं असेल. त्यांच्यासाठी म्हणा. हळू म्हणा, दोन ओळींच्या मधे थांबा. आपली वेळ आली, की शब्द शोधत बसावं लागणार नाही.